स्नॅपशॉट घेतला म्हणजे बॅकअप झाला?

"अपडेट टाकायच्या आधी स्नॅपशॉट घेतलाय, म्हणजे बॅकअप आहेच." हे तुम्ही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. मी तर कैक वेळा म्हटलंय.

आता बघा. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, खऱ्या सर्व्हरवर (होस्टवर) सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर. तिची डिस्क म्हणजे शेवटी होस्टवरची एक मोठी फाइल. मग ती सरळ कॉपी का करू नये? कारण कॉपीला तास लागतो आणि तोवर व्हीएम काही हातावर हात ठेवून बसत नाही. फाइलचा पहिला भाग दोन वाजताचा, शेवटचा तीनचा, आणि डेटाबेस मधे लिहितोच आहे. अशी कॉपी ना दोनची, ना तीनची.

इथे स्नॅपशॉट कामी येतो. मी व्हीएमवेअर या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या पद्धतीबद्दल बोलतोय. तो डिस्कची कॉपी करतच नाही, म्हणून तर चटकन होतो. मूळ फाइलवर लिहिणं थांबतं आणि शेजारी एक डेल्टा फाइल उघडते. यापुढचं सगळं लिखाण डेल्टात. वाचताना आधी डेल्टात बघायचं, ब्लॉक (डिस्कचा छोटा तुकडा) तिथे नसेल तर मूळ फाइलमध्ये. मूळ फाइल गोठलेली, त्यामुळे बॅकअप सॉफ्टवेअर ती निवांत वाचून दुसऱ्या स्टोरेजवर नेतं. बॅकअप म्हणायचं ते त्या दुसरीकडच्या कॉपीला. मूळ फाइल गेली तर नुसत्या डेल्टाचं करणार काय?

रोज अख्खी डिस्क न्यावी लागत नाही. कुठले ब्लॉक बदलले याची नोंद हायपरव्हायझर, म्हणजे होस्टवर व्हीएम चालवणारा सॉफ्टवेअरचा थर, ठेवतो. व्हीएमवेअरमध्ये ही सोय, सीबीटी (चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग), २००९च्या व्हीस्फिअर ४ पासून आहे.

एक मेख राहते. काही डेटा अजून मेमरीत असतो, डिस्कवर उतरलेलाच नसतो. तसाच स्नॅपशॉट घेतला तर रिस्टोअर केलेल्या व्हीएमला वाटणार, कुणीतरी प्लग ओढला. म्हणून आधी गेस्टला, म्हणजे व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला, 'क्षणभर थांब, हातातलं लिहून टाक' असं सांगतात. विंडोजमध्ये हे व्हीएसएस (व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिस) करतं. लिनक्समध्ये फाइल सिस्टिम गोठवता येते, पण डेटाबेससाठी वेगळी स्क्रिप्ट बहुधा लिहावीच लागते.

कॉपी झाली की स्नॅपशॉट डिलीट करायचा. खरी कसोटी इथे. डिलीट म्हणजे डेल्टा फेकणं नाही, तिच्यातले ब्लॉक मूळ फाइलमध्ये मिसळणं, तेही चालू व्हीएमवर. डेल्टा जितकी मोठी तितका वेळ जास्त, आणि शेवटी व्हीएम क्षणभर अडखळते. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं व्हीएमवेअर सांगतं ते उगाच नाही.

मी एकदा ठेवला. विसरलो, दुसरं काय! डेल्टा फुगत गेली, डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइली ठेवायचं स्टोरेज) भरला आणि सकाळी त्यावरच्या व्हीएम ठप्प. जागा नाही म्हणून लिहिता येईना, आणि मिसळायलाही जागा हवीच होती. शेवटी एक व्हीएम दुसऱ्या डेटास्टोअरवर हलवली, तेव्हा कुठे मर्ज सुरू झालं.

व्हिडिओ थांबवा, कन्सोल उघडा आणि कुठल्या व्हीएमवर जुना स्नॅपशॉट लटकलाय ते बघा. सापडला तर किती दिवसांचा निघाला, ते खाली लिहा.