जिंकलेल्या सेनापतीचं काय करायचं?

मंडळी, प्राचीन चीनमधल्या सेनापतींच्या चढाओढीबद्दल बोलायचं तर मला छिन राज्याचा बाय छी आठवतो. इ.स.पू. चौथ्या शतकात शांग यांग या मंत्र्याने छिनमध्ये नियम घातला होता, की शत्रूचं मुंडकं आणणाऱ्या शिपायाचा दर्जा वाढेल, जमीन मिळेल. दर्जे एकूण २०. घराणं नसलेल्या माणसालाही त्यामुळे वर जाता येई. बाय छी तसाच लढाया मारत वर गेला. इ.स.पू. २७८ मध्ये त्याने छू राज्याची राजधानीच घेतली.

इ.स.पू. २६०. छांगफिंग या ठिकाणी छिनसमोर चाओ राज्याचं सैन्य. त्यांचा जुना, सावध सेनापती लियान फो तटबंदीतून बाहेरच येईना. तेव्हा छिनचा मुख्य मंत्री फान जू याने चाओच्या दरबारात पैसा पेरला आणि अफवा उठवली, ‘छिनला भीती आहे ती फक्त तरुण चाओ ख्वोची.’ चाओच्या राजाने सेनापती बदलला. इकडे छिनने बाय छीला गुपचूप पाठवलं. त्याचं नाव फोडणाऱ्याला मृत्युदंड. चाओचं सैन्य ४६ दिवस उपाशी कोंडलं गेलं, चाओ ख्वो बाणांनी मारला गेला आणि शरण आलेल्यांना बाय छीने ठार केलं. इतिहासकार सिमा छियेन चार लाखांचा आकडा देतो. आजचे अभ्यासक तो फुगवलेला मानतात. पण त्या परिसरात १९९५ मध्ये सुमारे १३० जणांच्या सांगाड्यांचा एक खड्डा सापडलाच.

हा विजय दोघांचा होता, हे लक्षात घ्या. मंत्र्याने शत्रूचा सेनापती बदलवला, सेनापतीने शत्रूचं सैन्य संपवलं. वैर सुरू झालं ते यानंतर.

बाय छीला लगेच चाओची राजधानी हानदान घ्यायची होती. घाबरलेल्या शेजाऱ्यांनी सू दाई नावाचा बोलका दूत भेटवस्तू देऊन फान जूकडे धाडला. त्याने एकच प्रश्न विचारला म्हणा ना: चाओ बुडालं की बाय छी राज्यातल्या सर्वोच्च पदावर बसेल, त्याच्या हाताखाली राहणं तुम्हाला चालेल का? फान जूने राजाला गाठलं. सैन्य दमलंय, काही शहरं घेऊन तह करू या. राजाने मानलं. बाय छीला हे कळलं आणि दोघांत कायमचं फाटलं.

पुढच्याच वर्षी राजाला पुन्हा हानदान हवं झालं. आता बाय छी जाईना. आपलेही निम्म्याहून जास्त शिपाई मेलेत, इतर राज्यं चाओच्या मदतीला येतील, असं त्याचं म्हणणं. ते खरंच ठरलं. पण त्या नकारात दुखावलेला मानही होता असं मला वाटतं, कारण त्याच्याविना गेलेलं छिनचं सैन्य हरल्यावर तो म्हणाला, ‘माझं ऐकलं नाहीत, आता कसं?’ राजाने त्याला साधा शिपाई करून हद्दपार केलं. राजधानीबाहेर थोडं अंतर गेला असेल, तोच मागून राजाची तलवार आली. तिचा अर्थ, स्वतःला संपव. आपण कोणता गुन्हा केला, असं त्याने आधी विचारलं. मग म्हणाला, छांगफिंगला शरण आलेल्यांना मी फसवून पुरलं, तेवढं मरायला पुरे आहे. मरताना त्याला राजा आठवला नाही, फान जू आठवला नाही, ती माणसं आठवली. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं.

फान जूचं तरी काय भलं झालं? त्याने बाय छीच्या जागी पुढे केलेला चंग आनफिंग २०,००० शिपायांसह चाओला शरण गेला. शिफारस करणाऱ्यालाही शिक्षा, असा छिनचा कायदा होता. राजाने सांभाळून घेतलं म्हणून फान जू वाचला, पण थोड्याच वर्षांत त्याला पद सोडावं लागलं.

या सगळ्याचा धडा छिनचाच पुढचा सेनापती वांग च्येन गिरवून बसला असावा. इ.स.पू. २२४ मध्ये छूवर चाल करताना त्याने ६,००,००० सैन्य मागितलं आणि निघताना तेव्हाच्या राजाकडे उत्तम शेतं, वाडे, बागा मागितल्या. वाटेतूनही पाच वेळा निरोप धाडले. लोक म्हणाले, ही मागणी अति होतेय. तो म्हणाला, राजाने अख्खं सैन्य माझ्या हाती दिलंय आणि त्याचा स्वभाव संशयी आहे. मुलाबाळांसाठी जमीन मागत राहिलो नाही, तर तो माझ्यावरच संशय घेईल. पुढच्या वर्षी त्याने छू राज्य बुडवलं.