मुकादमाची वही आणि मजुरीचा भाव

(नाशिकला गोदाकाठी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

द्वारका चौकात गाड्या अडकतील म्हणून मी आज तासभर आधी घरून निघालो, आणि नेमक्या आजच त्या अडकल्या नाहीत. इथं पोहोचलो तर मांडवामागे तीन पोरं टेम्पोतून खुर्च्या उतरवत होती. दोघं उत्तर प्रदेशातल्या गोंड्याची, एक आपल्या पेठ तालुक्यातला. आज कशावर बोलणार, असं पेठच्यानं विचारलं. म्हटलं, बाहेरून मजूर आले की इथल्यांची मजुरी पडते का, यावर. "पडते ना सर," तो लगेच म्हणाला, "ह्यांच्यामुळंच आमचा रोज वाढत नाही." गोंड्याच्या दोघांना मराठी चांगलं कळतं. त्यातला एक हसत म्हणाला, "और हमारा झारखंडवाले गिराते हैं."

या दोन वाक्यांवर अमेरिकेत गेली पस्तीस वर्षं भांडण चालू आहे. मोठमोठ्या विद्यापीठांतले लोक भांडताहेत, म्हणून त्याला वाद म्हणायचं.

१९८० च्या एप्रिलमध्ये क्यूबाच्या कास्ट्रो सरकारनं मारिएल हे बंदर खुलं केलं. ज्याला जायचंय त्यानं जावं. ऑक्टोबरपर्यंत सुमारे सव्वा लाख माणसं होड्यांतून फ्लोरिडाला उतरली. त्यातली निम्मी मायामीतच राहिली. काही महिन्यांत त्या शहरातला कामकरी वर्ग ७ टक्क्यांनी वाढला. डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञानं पुढच्या काही वर्षांची मजुरी तपासली आणि १९९० साली लिहिलं की, आधीच्या कमी शिकलेल्या कामगारांच्या मजुरीवर फारसा परिणाम दिसत नाही. लोकांचा विश्वास बसेना. भाजीबाजारात माल वाढला की भाव उतरतो, मग माणसांचा का उतरू नये?

कारण माणूस भाजी नाही. तो आला की खोली भाड्यानं घेतो, चहा पितो, केस कापतो, मोबाइलचा रिचार्ज मारतो. अंबड लिंक रोडला, चुंचाळ्याला, श्रमिकनगरला जाऊन बघा. दोन खोल्या वर चढवून भाडं घेणारा बहुतेक आपलाच माणूस असतो. परप्रांतीयांच्या नावानं बोटं मोडतो आणि डिपॉझिट रोखीत घेतो.

पण वाद इथं संपला नाही. जॉर्ज बोर्हास म्हणून हार्वर्डचे प्राध्यापक आहेत. ते स्वतः लहानपणी, १९६२ साली, क्यूबातून अमेरिकेत आलेले. त्यांनी मायामीची तीच आकडेवारी पुन्हा उघडली, आणि फक्त शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांकडे पाहिलं. त्यांची मजुरी १० ते ३० टक्के घसरली, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर दुसऱ्यांनी दाखवून दिलं की हा गट मुळात फार छोटा आहे, आणि नेमक्या त्याच सुमारास पाहणीत कमी कमावणाऱ्या कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढलं होतं. सरासरी त्यामुळेही खाली आली असेल. शहर तेच, वर्ष तेच, आकडे तेच आणि उत्तरं दोन. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळालं. त्यानं वाद मिटला असं समजू नका.

मी स्वतः कार्डच्या बाजूला झुकतो, पण बोर्हास यांचा प्रश्न मला टाळता येत नाही. सरासरी ठीक आहे, नेमकी कुणाची मजुरी? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१६ साली या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. एकूण मजुरीवर दीर्घकाळात परिणाम अगदी थोडा, आणि जो तोटा दिसतो तो मुख्यतः आधी येऊन राहिलेल्या स्थलांतरितांना आणि मग शाळा सोडलेल्या स्थानिकांना. म्हणजे झारखंडवाल्यांविषयी बोललेला गोंड्याचा पोरगा पुराव्याच्या जास्त जवळ होता.

आता उलट बाजू. आलेली माणसं घालवली तर?

नाशिकनं हे पाहिलंय. २००८ च्या फेब्रुवारीत परप्रांतीयांवरच्या हल्ल्यांच्या भीतीनं हजारो उत्तर भारतीय कामगार गाव सोडून गेले, नाशिकरोड स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या शेजारी तेव्हा बंगल्याचं काम चालू होतं. गवंडी सिन्नरकडचा, कसलेला माणूस. त्याच्या हाताखालचे चारही बिगारी रात्रीतून गेले. सकाळी तो आला, ओळंबा काढला, परत पिशवीत ठेवला. माल कालवायला कुणी नाही, विटा वर चढवायला कुणी नाही. आठवडाभर तो रोज येऊन आमच्या कट्ट्यावर बसायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. त्याची जागा कुणी घेतली नव्हती. उलट, त्याच्या हाताला काम देणारे हात गेले होते. काम म्हणजे दहाच भाकऱ्यांची चवड नव्हे, की दुसऱ्यानं एक उचलली की आपली गेली.

याचा मोठा दाखला अमेरिकेत आहे. १९४२ पासून मेक्सिकोतले शेतमजूर करारावर आणायची तिथं एक योजना होती, 'ब्रासेरो' नावाची. मेक्सिकन गेले की आपल्या मजुरांचे दर चढतील, या आशेनं ती १९६४ च्या शेवटी बंद केली. मजूर गेले. दर? ज्या राज्यांत ब्रासेरो भरपूर होते आणि ज्या राज्यांत एकही नव्हता, दोन्हीकडे मजुरी जवळपास सारख्याच गतीनं चालत राहिली. असं २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोवाल्यांनी मजुरी वाढवली नाही, यंत्र घेतलं. तिथल्या डेव्हिसच्या विद्यापीठानं तोडणीचं यंत्र तयार ठेवलंच होतं, आणि त्या यंत्राला सोसेल असा जाड सालीचा, एकदम पिकणारा टोमॅटोही. पाच-सहा वर्षांत सॉसचा जवळपास सगळा टोमॅटो यंत्रानं तोडला जाऊ लागला. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत पंजाबला लावणीचे मजूर पोहोचले नाहीत, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही रोपं लावायची सोडून मोठ्या क्षेत्रावर भाताची थेट पेरणी केली.

मग मजुरी पडते तरी कशानं? मला जे दिसलं ते आमच्याच बागेत दिसलं.

आमची निफाडला थोडी द्राक्षं आहेत, भाऊ बघतो. ऑक्टोबर छाटणीपासून सुरगाण्याची टोळी असते. अंथरूण, भांडी आणि लहान पोरं घेऊन माणसं येतात, शेडवर राहतात. काडीला पेस्ट लावणं, फेल म्हणजे बिनकामाची फूट काढणं, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, मग थिनिंग. थिनिंग म्हणजे मांडवाखाली मान वर करून प्रत्येक घडातले मणी कात्रीनं विरळ करायचे. दुपारपर्यंत मान आखडते. फवारणीला ब्लोअर आला, पण या कात्रीला अजून यंत्र सापडलेलं नाही. काम बहुतेक उक्तं, एकरावर.

एका वर्षी शेजारच्या गावात एकरी दर आमच्यापेक्षा चांगला निघाला. मी टोळीतल्या एका बाईला सहज विचारलं, तुम्ही तिकडं का जात नाही? भावानं माझ्याकडे जे पाहिलं ते सोडा. ती म्हणाली, "दादा, वहीत नाव हाय ना." वही म्हणजे मुकादमाची. लाल पाठीची, रबर लावलेली. श्रावणात घरात दाणा नसताना घेतलेली उचल त्यात नावापुढे लिहिलेली. ती फिटेपर्यंत टोळी मुकादमाची आणि मुकादमानं शब्द दिलेल्या बागायतदाराची. दोन कोसांवर दर वाढला काय आणि न वाढला काय. त्या दिवसापासून आमच्या बागेतल्या स्वस्त मजुरीचं कौतुक मला ऐकवत नाही, आणि हे मी भावासमोरही बोललो आहे.

ब्रासेरोचंही असंच होतं. करार ज्या मालकाशी, राबायचं त्याच्याकडेच. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के कापून मेक्सिकोतल्या बँकेत ठेवायचे, परत गेल्यावर मिळतील म्हणून. अनेकांना ते कधीच मिळाले नाहीत.

आणि आता ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्या गंगापूर रोडवाल्यांनी रागावू नये, पण एच-वन-बीची, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाची, वहीही फार वेगळी नाही. वर्षाला ६५,००० व्हिसा, अमेरिकेत पदव्युत्तर झालेल्यांना आणखी २०,०००. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर सामान आवरा. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी इतकी लांब की मुलगा पंचविशीत गेला तर पन्नाशीपर्यंत मालकाच्या मर्जीत राहतो. असा माणूस पगार वाढवून मागताना दहादा विचार करतो, आणि त्याच्या शेजारच्या अमेरिकनाचा पगारही त्यानं अडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं नव्या अर्जावर एक लाख डॉलर फी लावली. त्यानं माणसं कमी होतील. जे आधीच आत आहेत त्यांची दोरी तितकीच आखूड राहिली. ज्या घरात या फीवर संताप होतो त्याच घरात, संध्याकाळी, भय्या लोकांनी नाशिक कसं बिघडवलं हेही ऐकायला मिळतं. हसू नका, मी माझ्या घराबद्दल बोलतोय.

आपल्याकडे १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. ठेकेदाराला परवाना, कामगाराला प्रवासभत्ता, शिवाय विस्थापन भत्ता: महिन्याच्या मजुरीच्या निम्मे किंवा ७५ रुपये, जे जास्त असेल ते. कागद चांगला होता. २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला. पण तो लागू व्हायला राज्याची हद्द ओलांडावी लागायची. सुरगाणा ते निफाड एकाच जिल्ह्यात. ती बाई घरदार सोडून महिनोन्‌महिने शेडवर राहते आणि त्या कायद्याच्या लेखी ती कुठं गेलेलीच नव्हती. तिला खरा आधार झाला असता तो १९७७ च्या आपल्या रोजगार हमी कायद्याचा. श्रावणात गावातच वेळेवर काम आणि वेळेवर पैसे मिळाले असते तर तिनं उचल घेतली नसती.

मघाशी मांडवात येण्याआधी मी त्या तिघांना विचारलं, कुणाचे पैसे कुठं अडकलेत? पेठचा म्हणाला, माझे नाही, मी रोजच्या रोज घेतो; इथं पटलं नाही तर उद्या दुसऱ्या मांडववाल्याकडे. गोंड्याच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्याच गावच्या ठेकेदाराकडे दोन महिन्यांचे पैसे बाकी आहेत. ते सोडून कसं जाणार? पेठचा त्यांच्याकडे बघत राहिला, हे त्याला माहीत नव्हतं. मग आतून कुणीतरी माइक तपासायला बोलावलं, आणि ते तिघं उरलेल्या खुर्च्या उतरवायला लागले.