सड्यावरचा पराग, हातावरचा थेंब

[दृश्य : रत्नागिरीजवळचा सडा, सप्टेंबरअखेरची सकाळ]

शिंका कुठल्या परागाने येतात, ते परागाच्याच अर्काचा थेंब हातावर टोचून तपासतात. तो पराग येतो इथून. पाऊस ओसरला की सडा, म्हणजे हे कातळाचं पठार, थोडे दिवस असा दिसतो. कातळावर जेमतेम वीतभर माती, तिच्यात गुडघाभर गवत आणि काडीकाडीला तुरा. तुऱ्याला लोंबणारे हे पिवळे-जांभळे ठिपके म्हणजे परागकोश. ऊन लागलं की ते फुटतात. उजेडाच्या बाजूने बघा, धूर निघावा तसा पराग उडतोय.

[दृश्य : विळा, तुऱ्यांचा भारा, बंद खोली]

म्हणून उन्हाच्या आधी कापणी. देठ पाण्यात ठेवायचे, तुरे कागदावर वाकते. खिडक्या बंद, पंखाही बंद. पंखा फिरला तर सगळी मेहनत भिंतीवर. दुसऱ्या सकाळी कागदावर उतरलेली ही पूड. एवढ्या भाऱ्यातून चमचाभर. गवताच्या परागाचा एक कण साधारण २० ते ४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डोळ्यांना सुटा दिसतच नाही.

ही हरळी. गणपतीला वाहतो ती कोवळी, फुलाआधीची दूर्वा. तिलाच पुढे बोटांसारखे तुरे येतात. जगभरच्या ॲलर्जी दवाखान्यांत तिच्या परागाचा अर्क वापरतात.

[दृश्य : पाडेली माडावर चढतो]

पोय, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यावरचं आवरण, उकलली की आतला तुरा बाहेर येतो. प्रत्येक फांदीच्या बुडाशी एखाद-दुसरं मादी फूल, बाकी टोकापर्यंत सगळी नर फुलं. एका पोयीत हजारोंनी. ती खुडायची, सुकवायची, चाळायची. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाचा पराग तर सगळा वाऱ्याच्याच भरवशावर. आपण मात्र शिंक आली की मोहोराला बोल लावतो! आंब्याचा पराग मुख्यतः माश्यांच्या अंगाला चिकटून जातो, वाऱ्यावर फार उडत नाही.

[दृश्य : प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शकाची काच]

आधी तपासणी. पानाचा चुरा नको, बुरशी तर नकोच. नाहीतर उद्या हातावर गांध उठेल बुरशीची आणि आळ येईल गवतावर. मग ॲसिटोन किंवा ईथरने परागातला तेलकटपणा काढतात. कोरडी पूड क्षारयुक्त पाण्यात, थंडीत, रात्रभर ढवळत ठेवतात. ॲलर्जी आणणारी प्रथिनं पाण्यात उतरतात, चोथा गाळून टाकतात. शेवटची गाळणी ०.२२ मायक्रॉनची, जंतू अडवणारी. चाचणीचा अर्क टिकावा म्हणून त्यात ग्लिसरीन.

[दृश्य : जुनी चित्रं, पतंग]

मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली स्वतः या शिंकांनी हैराण होते. त्यांनी पतंगाला चिकट काचा बांधून उंचावरचा पराग पकडला, स्वतःच्या कातडीवर ओरखडा काढून तो लावून पाहिला आणि १८७३ मध्ये सगळं पुस्तकात मांडलं. १९११ मध्ये लंडनच्या लिओनार्ड नून यांनी अर्क टोचून उपचार करून पाहिले. त्यांचं गवत होतं टिमोथी, थंड मुलखातलं. आपल्या सड्यावर ते कुठून असणार?

[दृश्य : रुग्णाचा हात, ओळीने थेंब]

प्रत्येक थेंबातून हलकी टोच. एक थेंब हिस्टामीनचा, ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाचा, तिथे गांध उठायलाच हवी. एक नुसत्या सलाईनचा, तिथे उठता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांनी मोजायचं : सलाईनपेक्षा ३ मिलिमीटर मोठी गांध म्हणजे शरीर त्या परागाला ओळखतं. त्रासही त्याच मोसमात होत असेल, तरच दोष त्या गवताचा. पण थेंबांच्या या ओळीत माड नसेल, सुरू नसेल, तर रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या माणसाचा हात कोरा राहील आणि शिंका तशाच. कोकणातल्या रुग्णाची ओळ कोकणातल्या झाडांची हवी.

[दृश्य : इंजेक्शन, भिंतीवरचं घड्याळ]

उपचार तीन ते पाच वर्षांचा : त्याच अर्काची वाढत जाणारी मात्रा, आधी साधारण आठवड्याला, मग महिन्याला, काहींना जिभेखाली थेंब. क्वचित जिवावर बेतणारी रिॲक्शन येते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, अशा रिॲक्शनवरचं औषध, ॲड्रेनालिन, हाताशी. दमा आटोक्यात नसेल, तर हे इंजेक्शन द्यायचंच नाही.