५०० की ६५०? डर्ट ट्रॅकवरच्या कार्ब्युरेटरचं गणित

नमस्कार मंडळी! हा बघा, होली कंपनीचा ४४१२ कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. दोन बॅरलचा, म्हणजे हवेच्या दोन नळ्यांचा, ५०० सीएफएम. आणि हा दुसरा चार बॅरलचा, ६५०. अमेरिकेत आयोवा वगैरे भागांत शनिवारी रात्री मातीच्या ट्रॅकवर ज्या स्टॉक कार पळतात, त्यांच्या बॉनेटखाली बऱ्याचदा या दोघांपैकीच एक सापडतो. आपल्याकडे बीएस-६ आल्यावर बाइकवाल्यांचा कार्ब्युरेटर गेला, अमेरिकेतल्या नॅस्कार या स्टॉक कार रेसिंगच्या कप सीरिजनंही २०१२ मध्ये तो सोडला. मातीवर मात्र त्याचं राज्य अजून आहे.

आकडे बघून वाटतं, दोघांत फरक दीडशेचा. तसं नाहीये. खरी गंमत इथेच आहे.

सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा आत जाते ते. पण किती ओढ लावल्यावर? चार बॅरलचा कार्ब्युरेटर मोजतात दीड इंच पाऱ्याच्या दाबफरकावर. दोन बॅरलचा मोजतात तीन इंचांवर. म्हणजे दुप्पट ओढ लावून काढलेला आकडा! हवेचा प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ५०० ला १.४१ नं भागा.

(स्क्रीनवर: ५०० ÷ १.४१ = सुमारे ३५४)

चार बॅरलच्या मापानं हा ५०० वाला फक्त ३५४ चा आहे. ६५० च्या जवळपास निम्मा.

आता इंजिनला किती हवा लागते? शेव्हीचं (शेव्हरोलेचं) ३५० घनइंचाचं व्ही-८ घेऊ, ६५०० आरपीएमवर. ३५० गुणिले ६५००, भागिले ३४५६. हा ३४५६ कुठून आला? एका घनफुटात १७२८ घनइंच, आणि फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण भरतं, म्हणून त्याची दुप्पट. उत्तर येतं ६५८. पण सिलिंडर काही शंभर टक्के भरत नाहीत. ८५ टक्के धरले तर ५६०.

मागणी ५६० ची आणि दरवाजा ३५४ चा. मग इंजिन जास्त ओढतं, दाबफरक पावणेचार इंचांपर्यंत जातो, आत जाणारी हवा विरळ होते आणि वरच्या आरपीएमला ताकद मरते. आयोजकांना नेमकं हेच हवं असतं. छोटा कार्ब्युरेटर सक्तीचा केला की महागड्या इंजिनावर पैसे उधळून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून रेसच्या बऱ्याच क्लासेसच्या, म्हणजे गटांच्या, नियमपुस्तकात सरळ ४४१२ चं नाव असतं, आणि टेक इन्स्पेक्शनला, म्हणजे गाडीच्या तपासणीत, गेज घालून व्हेंचुरी (बॅरलमधला अरुंद गळा) १.३७५ इंचांपेक्षा मोठी केलेली नाही ना, हे बघतात. तुमच्या क्लासला हा नियम असेल तर साइझ निवडायचा प्रश्नच मिटला. जेटिंग (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रांचे, म्हणजे जेटचे माप निवडणं) आणि गिअरिंगकडे वळा.

निवड मोकळी असेल तेव्हाच लोक घसरतात. ‘रेसिंग आहे ना, मग ७५० लाव!’ अरे, कशाला? पाव मैलाच्या ट्रॅकवर गाडी ६५०० ला असते किती वेळ? सरळ रस्ता संपतो न संपतो तोच पुन्हा डावीकडे वळायचं. लॅप जिंकली जाते ती वळणातून बाहेर पडताना, आणि तिथे इंजिन असतं चार हजारांच्या आगेमागे. मोठ्या व्हेंचुरीत त्या आरपीएमला हवा मंदावते, बूस्टरला (व्हेंचुरीत पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या नळीला) पेट्रोल खेचणारी ओढ कमी मिळते, पेट्रोलचं बारीक तुषारीकरण होत नाही. पाय दाबला की आधी गचका, मग सगळी ताकद एकदम. रात्री उशिरा ट्रॅक सुकून गुळगुळीत झालेला असताना ती एकदम आलेली ताकद मागची चाकं फिरवते, गाडी पुढे जात नाही. मला विचाराल तर हिशेबात ५६० ते ६०० येत असेल, तर ६५० ला थांबा. अर्ध्या मैलाचा ट्रॅक आणि ७००० च्या वर फिरणारं तयार इंजिन असेल, तर ७५० चा विचार करा.

एक गोष्ट पटकन. चार बॅरलमध्ये जोरात ॲक्सलरेट केलं की मागच्या बाऊलमधलं (पेट्रोल साठवणाऱ्या भांड्यातलं) पेट्रोल मागे सरकतं आणि जेट उघडे पडतात. तिथे जेट एक्स्टेन्शन, म्हणजे जेटला जोडायची छोटी नळी, बसवा, नाहीतर गाडी मिसिंग करेल आणि तुम्ही कार्ब्युरेटर छोटा पडला म्हणून त्याला शिव्या घालत बसाल.

आणि साइझ बरोबर आहे का, हे ट्रॅकवर कसं तपासायचं? इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सरळ रस्त्याच्या शेवटी, आरपीएम सगळ्यात जास्त असताना, आकडा बघा. दीड इंचाच्या बराच वर गेला, तर कार्ब्युरेटर इंजिनचा गळा आवळतोय. अर्ध्या इंचाच्याही खाली राहिला आणि वर वळणातून पिकअपही मिळत नसेल, तर एक साइझ खाली या. गेज बघायला मात्र प्रॅक्टिसचा दिवस धरा. रेसमध्ये नजर समोरच हवी!