उजेड पाहायला शिकताना

श्रोतेहो, नमस्कार.

छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. कॅमेरा कोणता घ्यावा, हा पहिला. आणि छायाचित्राची कल्पना सुचते कुठून, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. जो कॅमेरा हाताशी आहे, मग तो मोबाइलचा का असेना, त्यावर हात बसेपर्यंत दुसरा घेऊ नये. आणि पैसे साठलेच तर ते आधी चांगल्या लेन्ससाठी खर्च करावेत. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सवडीने उत्तर द्यावे लागते, कारण कल्पना सुचण्याच्या आधी उजेड पाहायला शिकावे लागते, आणि ते शिक्षण मला छायाचित्रांइतकेच चित्रांनी दिले आहे.

मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे एक जलरंगातील चित्र आहे. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. हातात दिवा घेऊन उभी असलेली तरुणी आणि ज्योतीपुढे आडवा धरलेला तिचा दुसरा हात, एवढाच त्या चित्राचा विषय; त्यासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. आजही अनेक जण हे चित्र राजा रविवर्म्याचे समजतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. या चित्रात उजेडाचा उगम एकच आहे, लहान आहे आणि अगदी जवळ आहे. त्यामुळे चेहरा खालून उजळतो, बोटांच्या कडा आतून तांबूस दिसतात आणि पदराच्या टोकाशी येईपर्यंत तो उजेड पार मंदावलेला असतो. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, हा भौतिकशास्त्राचा नियम मी पुस्तकात वाचला होता. पण तो पटला या चित्रापुढे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चित्रकाराने उरलेला काळोख तसाच राहू दिला आहे. चार दिवे लावून खोलीचा कोपरान् कोपरा उजळून टाकण्याचा मोह व्यावसायिकाला सतत होतो, आणि त्या मोहातच बहुतेक व्यक्तिचित्रे सपाट होतात.

हे घरी करून पाहण्यासाठी स्टुडिओ लागत नाही, एक खिडकी पुरते. थेट ऊन आत येत नसेल अशी खिडकी निवडावी. येत असेल तर तिच्यावर पातळ पांढरा पडदा सोडावा. खोलीतील ट्यूबलाइट आणि बल्ब आठवणीने बंद करावेत, कारण बल्बचा पिवळसर आणि आकाशाचा निळसर उजेड चेहऱ्यावर एकत्र आले की त्वचेचा रंग नंतर संगणकावरही धड सुधारता येत नाही. ज्यांचे छायाचित्र काढायचे त्यांना खिडकीपासून दोन-तीन हातांवर, तिच्याकडे किंचित तिरके बसवावे. खिडकीपासून दूर असलेल्या गालावर सावली येईल. ती हवीच असते. फारच गडद वाटली तर त्या बाजूला पांढरे थर्माकोल किंवा स्वच्छ पंचा धरावा, आणि तो जवळ-दूर नेत सावलीत काय फरक पडतो ते पाहत राहावे. फोकस कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा. त्या डोळ्यात खिडकीचा लहानसा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर हनुवटी थोडी वर घ्यायला सांगावी, कारण त्या ठिपक्यावाचून नजर निर्जीव दिसते.

उजेड साधला तरी समोरचा माणूस अवघडलेलाच असतो. या बाबतीत मी छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांना मानतो. त्यांनी काढलेल्या चित्रपट कलावंतांच्या छायाचित्रांत, ज्यांचा चेहरा सारा देश ओळखतो अशी माणसेसुद्धा निवांत आणि मोकळी दिसतात. कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी माणसाशी त्याच्या कामाविषयी बोलावे आणि बोलणे चालू असतानाच छायाचित्र काढावे, असे मी सुचवेन. ‘जरा हसा’ म्हटल्यावर फक्त ओठ हसतात.

वाट पाहण्याचा धडा होमाई व्यारावाला यांच्याकडून घ्यावा. त्या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, त्याही जे. जे.च्याच विद्यार्थिनी, आणि 2011 मध्ये पद्मविभूषणाच्या मानकरी. त्या ज्या प्रकारचा स्पीड ग्राफिक कॅमेरा वापरत, त्याच्या एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच तुकडे बसत आणि फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की निकामी होई. अशा वेळी पुढे काय घडणार हे आधी ओळखल्याशिवाय बटण दाबता येत नसे. आजचा कॅमेरा सेकंदाला दहा-वीस छायाचित्रे काढतो. तरीही नेमका क्षण ओळखण्याचे काम तो आपल्यासाठी करत नाही.

आता वारीविषयी, कारण आषाढात असंख्य हौशी छायाचित्रकार दिवे घाटात आणि चांदोबाचा लिंब येथील उभ्या रिंगणात कॅमेरा घेऊन येतात आणि छायाचित्रे काळपट आल्याची तक्रार घेऊन परततात. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. चौकटभर पांढरी धोतरे, सदरे आणि टोप्या आल्या की त्याला दृश्य फार उजळ वाटते आणि तो ते मंद करतो. परिणामी पांढरे कापड मळके दिसते आणि टोपीखालचा सावळा, रापलेला चेहरा पार काळवंडतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे छायाचित्र मापकाच्या अंदाजापेक्षा उजळ किंवा मंद करण्याची कॅमेऱ्यातील सोय, अधिक दोन तृतीयांश ते अधिक एकपर्यंत न्यावे, आणि हिस्टोग्राम, म्हणजे छायाचित्रातील गडद ते उजळ छटांचा आलेख, उजव्या कडेला जाऊन थडकत नाही ना, तेवढे पाहावे. काळी घोंगडी पांघरलेला वारकरी जवळून टिपताना याच्या उलट, म्हणजे उणे बाजूला जावे. रिंगणात अश्व धावतात तेव्हा शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी ठेवू नये. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवावा लागला तर बिनधास्त वाढवावा, कारण दाणेदार छायाचित्र चालते, हललेले चालत नाही. लेन्स बदलणे मात्र तेथे टाळावे, कारण धूळ थेट सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील उजेड टिपणाऱ्या भागावर बसते. परतल्यावर ओली बॅग तशीच कपाटात ठेवू नये. कॅमेरा पंख्याखाली वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा; पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लेन्सच्या आत बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत.

वारीत चालणारा माणूस भक्तीसाठी चाललेला असतो, आपल्या चौकटीसाठी नव्हे. त्याची वाट अडवून छायाचित्र काढू नये, आणि जवळून चेहरा टिपायचा असेल तर ‘माउली, काढू का?’ एवढे विचारावे. त्याने पत्ता दिला तर छायाचित्राची प्रत कागदावर छापून टपालाने पाठवावी. पुढच्या वर्षी त्याच दिंडीत आपण पुन्हा गेलो तर ओळख निघते, चहा मिळतो आणि मग कॅमेऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. जवळची छायाचित्रे तेव्हा कुठे मिळू लागतात.