अर्धं बाळ कमी दिवसांचं नसतं

पत्रिकेवर विषय छापलाय, 'कमी दिवसांची बाळं आणि सेरेब्रल पाल्सीचा धोका'. सेरेब्रल पाल्सी, आपण सीपी म्हणतो, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा होऊन हातापायांच्या हालचाली बिघडणं. विषय घेणार आहे, आकडे आणलेत, स्लाइडही आहेत. पण त्याआधी मला एका वाक्यावर बोलायचंय. बरीच वर्षं हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय आणि आज तुम्ही समोर बसलेले आहात, सुटका नाही. वाक्य असं: "कमी दिवसांचं आहे ना, थोडं थांबून बघू."

ज्यांनी हे ऐकलंय त्यांनी हात वर करा. बघा. आणि ज्यांनी हे कुणाला तरी सांगितलंय? ...ते हात जरा हळू येतायत.

आता हे वाक्य साफ चुकीचं आहे असं नाही, हीच तर पंचाईत आहे. २८ आठवड्यांना जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याचं करेक्टेड वय जेमतेम तीन महिने, म्हणजे वय जन्माच्या दिवसापासून नाही, चाळीस आठवडे पूर्ण झाले असते त्या दिवसापासून मोजायचं, हे तुम्हाला सगळ्यांना माहितीये. त्यामुळे ते अजून पालथं पडत नसेल तर ठीकच आहे की, तीन महिन्यांचं कुठलं बाळ पालथं पडतं? दोन वर्षांपर्यंत हा हिशोब आपण धरतो आणि धरायलाच हवा. पण ह्या हिशोबाची हळूहळू गोणी झालीये, काहीही दिसलं की टाक त्यात. मान नाही धरली, टाक. पाय ताठ करतं, टाक. एकच हात वापरतं, तेही टाक. माझं भांडण त्या शेवटच्याशी आहे.

एक बाळ आलं होतं माझ्याकडे, ओळख पटेल असं काही सांगत नाही. तिसाव्या आठवड्याच्या आसपासचा जन्म, बरेच दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, मग घरी. करेक्टेड पाच महिन्यांचं असताना आईच्या लक्षात आलं की खेळणं समोर धरलं की डावाच हात येतो. उजव्या बाजूला धरलं तरी डावा हात पार अंगावरून ओलांडून येतो, आणि उजव्याची मूठ मिटलेली, अंगठा आत. घरात काय झालं असेल? आनंद! आजी म्हणाल्या डावखुरा होणार, काका म्हणाले डावखुरे हुशार असतात, कुणीतरी क्रिकेटपर्यंत पोचलं, व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना गेले. (नंतर हेच व्हिडिओ माझ्या फार कामाला आले, ते जाऊ दे.) एकटी आई म्हणत होती काहीतरी वेगळं आहे. दवाखान्यात दाखवलं तर काय सांगितलं ते मी सांगायची गरज नाही, ते वाक्य तुम्हाला पाठ आहे. पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्या खेपेला "आई जरा जास्त काळजी करतायत", म्हणजे आता पेशंटच बदलला! बाळ माझ्यापर्यंत आलं तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं आणि उजवा हात आपल्याला आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, एका ओळीचं आहे, लिहून घेतलं तरी चालेल. कमी दिवस हे उशिराचं कारण असू शकतं, एका बाजूचं नाही. बाळ बारा आठवडे आधी आलं तर सगळंच्या सगळं बारा आठवडे आधी येतं ना, उजवा हात लवकर आणि डावा वेळेवर असं होत नाही, अर्धं बाळ कमी दिवसांचं नसतं. कुठला हात वापरायचा हे मूल नीट ठरवतं दोन-तीन वर्षांचं होताना, त्यामुळे पहिल्या वाढदिवसाच्या आत कुणी 'डावखुरा' झाला किंवा अगदी 'उजवा' झाला तर पेढे वाटायचे नाहीत, तपासायला न्यायचं. उजव्याचं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्यात नवल काय.

ही सगळी टाळाटाळ का होते, तर 'सेरेब्रल पाल्सी' ह्या शब्दाची भीती. आणि भीती शब्दाची नाहीच, त्याच्यामागून जो प्रश्न येतो त्याची आहे: चूक कुणाची? इथे थोडा इतिहास सांगते, आयोजक घड्याळ बघतायत, मला दिसतंय. विल्यम जॉन लिटल म्हणून लंडनला एक सर्जन होते, स्वतःचा एक पाय लहानपणापासून वाकडा, त्याचं ऑपरेशन करून घ्यायला जर्मनीत गेले आणि तेच शिकून परत आले. त्यांनी १८६१ मध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या सभेत व्याख्यान दिलं की मुलांच्या ह्या ताठ हातापायांचा संबंध अवघड बाळंतपण, जन्मताना गुदमरणं आणि वेळेआधी जन्म ह्यांच्याशी आहे. प्रसूतितज्ज्ञांच्या सभेत, म्हणजे धाडस बघा! पुढे कितीतरी वर्षं ह्या आजाराला लिटलचा आजार म्हणायचे. मग १८९७ मध्ये फ्रॉइड आला. हो, तोच, पेशंटला कोचावर आडवं करून मनातलं बोलायला लावणारा. त्याच्या आधी तो न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंचा डॉक्टर होता आणि मुलांच्या ह्या आजारावर त्याचा चांगला जाडजूड ग्रंथ आहे. तो म्हणाला, अहो, बाळंतपण अवघड गेलेली कितीतरी मुलं ठणठणीत असतात, मग असं का नसेल की बाळाचं पोटातच काहीतरी बिनसलेलं होतं आणि बाळंतपण अवघड जाणं हे त्याचंच लक्षण होतं? कुणी फारसं ऐकलं नाही. नंतर १९८० च्या दशकात पन्नास हजारांवर गरोदरपणांचा डेटा तपासला तेव्हा दिसलं की जन्मताना गुदमरणं हे थोड्याच मुलांच्या बाबतीत कारण ठरतं. म्हणजे आपण बाळंतपण करणाऱ्यांकडे बोट दाखवतो, सासर आईकडे दाखवतं, आणि कारण बऱ्याचदा ह्यातल्या कुणाच्याच हातात नसतं. हे एकदा नीट सांगितलं तर निदान सांगणारेही इतके कचरणार नाहीत.

आणि लवकर कळतं हो! हाइन्झ प्रेख्टल नावाचे शास्त्रज्ञ, प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासातून ह्या क्षेत्रात आलेले, त्यांनी काय केलं तर बाळाला हात न लावता नुसतं बघितलं. बाळ जागं, शांत, पाठीवर, तोंडात चोखणी नाही, पुढ्यात खुळखुळा नाही, काही मिनिटांचा व्हिडिओ. करेक्टेड तीन ते पाच महिन्यांच्या बाळाच्या मानेत, अंगात, हातापायात सारख्या बारीक बारीक गोल हालचाली चालू असतात, त्या अजिबातच नसतील तर सीपीची शक्यता खूप मोठी. सोबत एमआरआय आणि हातांनी करायची न्यूरो तपासणी जोडली की सहा महिन्यांच्या आत बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. २०१७ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून हे लिहून ठेवलंय. पूर्वी निदान व्हायचं एक ते दोन वर्षांच्या मध्ये, बऱ्याच ठिकाणी अजून तसंच होतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मूळ विषय, पळत पळत.

आकडे. एकूण मुलांत सीपी हजारी दोनच्या आसपास. पूर्ण दिवसांच्या बाळांत हजारी एकाच्या थोडं वर, ३२ ते ३६ आठवड्यांत हजारी सहा-सात, २८ ते ३१ मध्ये शंभरात चार ते सहा, आणि २८ च्या आत शंभरात दहाच्या आसपास. हे उलटं वाचा: अगदी २८ च्या आतली बाळं घेतली तरी दहातल्या नवांना सीपी होत नाही. आणि सीपी असलेली निम्म्याहून जास्त मुलं पूर्ण दिवसांचीच असतात, कारण मुळात तीच बाळं संख्येने जास्त.

का होतं? मेंदूत मधोमध पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांच्या कडेला कमी दिवसांच्या बाळात अतिशय नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, रक्तदाब खालीवर झाला की फुटतं, बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत. सोनोग्राफीच्या कागदावर ग्रेड एक ते चार लिहितात ते हेच. दुसरं म्हणजे पोकळ्यांच्या भोवतीचा पांढरा भाग, मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी २४ ते ३२ आठवड्यांत फार हळव्या असतात, ऑक्सिजन कमी पडला किंवा आईच्या गर्भाशयात इन्फेक्शन असलं की मरतात. पायांकडे जाणारे तंतू पोकळीच्या सगळ्यात जवळून जातात, म्हणून कमी दिवसांच्या मुलांत पाय जास्त ताठ, हात त्या मानाने बरे. रक्तस्राव एका बाजूला पसरला तर एकच बाजू, आपल्या 'डावखुऱ्या'सारखी.

टाळता येतं का? काही प्रमाणात. वेळेआधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन, न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी ह्यांनी १९७२ मध्ये दाखवलेलं, बाळाची फुप्फुसं सावरतात आणि मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. आणि मॅग्नेशियम सल्फेट, जे गरोदरपणातल्या झटक्यांसाठी आधीपासून देतच होते. १९९५ मध्ये लक्षात आलं की ज्या आयांना ते मिळालं त्यांच्या अगदी कमी वजनाच्या मुलांत सीपी कमी दिसतेय. मग मोठ्या चाचण्या झाल्या, २००८ च्या चाचणीत मध्यम ते तीव्र सीपी ३.५ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आली. साधारण साठेक आयांना दिलं की एका मुलाची सीपी टळते. औषध स्वस्त आहे, पण ते बाळ जन्मायच्या आधी द्यावं लागतं, म्हणून कळा सुरू झाल्या की अशी सोय असलेल्या ठिकाणी वेळेत पोचणं महत्त्वाचं.

आणि झालीच तर? सीपी असलेली साधारण दोन तृतीयांश मुलं चालतात, आधाराने किंवा आधाराशिवाय. दोन वर्षांपर्यंत मूल स्वतःचं स्वतः बसायला लागलं तर चालण्याची आशा चांगली. बुद्धी जवळपास निम्म्या मुलांची नेहमीसारखी असते. हाताचं काम पहिल्या वर्षातच सुरू करायचं, चांगला हात मऊ मोज्यात ठेवून दुसऱ्याला रोज थोडा वेळ खेळवायचं, कारण ह्या वयात जी बाजू वापरली जाते तिचीच मेंदूतली वाट पक्की होते.

पालकांनो, डिस्चार्ज पेपर बाहेर काढा, त्यावर किती आठवडे, डोक्याच्या सोनोग्राफीत काय, हे बघा. सोनोग्राफी नॉर्मल असली तरी करेक्टेड तीन महिन्यांचा तो व्हिडिओ काढाच. पाय एकमेकांवर चढून कात्री होत असेल, करेक्टेड चार महिन्यांनंतरही मूठ उघडत नसेल, एकच हात पुढे येत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. कुणी 'थांबू' म्हणालं तर विचारा, किती दिवस थांबायचं आणि तेव्हा नक्की काय बघणार आहात.

प्रश्न आहेत का? हो, त्या मागच्या ताईंकडे माइक द्या.