आवाज फाटतो कुठे?

नमस्कार श्रोतेहो. इंदूरच्या रामबागेत आमचे काका राहतात. गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचे भक्त. खाँसाहेबांचं घराणंच इंदूरचं, तेव्हा भक्तीही घरचीच. सत्तरीला भाच्याने खिशात मावेल असा म्युझिक प्लेअर दिला, आणि काका पोहे खातानासुद्धा कानात इअरफोन घालून बसू लागले. दाराची बेल ऐकू येईना. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, हे शेजारी बसून मारवा राग ऐकतायत!

काकूंनी गुपचूप नातीकडून आवाजाला मर्यादा लावून घेतली. वर चार आकडी कुलूप. काका बटण दाबतात, आवाज हलत नाही. मग मेनूत खुडबुडताना त्यांना खालचे सूर वाढवणारं 'बेस बूस्टर' सापडलं. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज असा भरला म्हणता! पण फाटला. काका म्हणाले, इअरफोन गेला. जेल रोडवरून नवा आणला. तोही फाटका. तिसरा आणला. शेवटी मला फोन, "अरे, खाँसाहेबांचा घसा बसलाय, ये बघू."

मी बूस्टर बंद केलं. खाँसाहेब बरे झाले.

झालं होतं असं. रेकॉर्डिंगमधल्या लहरी बऱ्याचदा आधीच छताला, म्हणजे कमाल पातळीला, टेकलेल्या असतात. बूस्टर त्यांना आणखी उचलतं, माथे सपाट कापले जातात, तीच ती खरखर. हे प्लेअरच्या आत, आवाजाच्या बटणाआधीच होतं. म्हणून नंतर आवाज कितीही कमी करा, कापलेला माथा परत येत नाही. पुन्हा सांगतो: आधी बूस्टर बंद करून पाहा, मग इअरफोनला नावं ठेवा.

आवाजाच्या मर्यादेची सोय अॅपलने 2006 मध्ये आयपॉडला दिली, आता फोनमध्येही असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आवाज 80 डेसिबल असेल तर आठवड्याला 40 तास ऐकणं सुरक्षित. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा: 83 ला 20 तास, 86 ला 10. लक्षात ठेवा, तीन वाढले की वेळ निम्मा.

काकांचं कुलूप अजून तसंच आहे. आकडा मी सांगणार नाही, काका रेडिओ ऐकतात. पण ते त्यांच्या लग्नाचं साल आहे, आणि काकू म्हणतात, आठवलं तर उघडा.